बाहेरून मागवलेलं प्रवासाचं अंथरूण-पांघरूण: कस्टमचा कोड कसा काढायचा

सोलापुरात कापड कळणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठल्याही शेडमध्ये शिरा, चादर हातात घेऊन सूत कितीचं, वजन किती, पोत कसला हे सांगणारं कुणीतरी भेटतंच. पण हाच माणूस ट्रेकिंगवाल्यांसाठी स्लीपिंग बॅग, ट्रॅव्हल ब्लँकेट, नेक पिलो असला माल चीनहून किंवा व्हिएतनामहून मागवायचा म्हणतो तेव्हा गाडी अडते ती एचएस कोडपाशी, म्हणजे कुठल्या मालावर किती ड्युटी बसेल हे ज्यावरून ठरतं त्या कस्टमच्या आकड्यापाशी. सप्लायरने इनव्हॉइसवर एक कोड टाकलेला असतो, आपण तोच पुढे ढकलतो, एजंट म्हणतो "चालतंय की ओ", आणि माल न्हावा शेवा बंदरात पोचल्यावर ऑफिसर विचारतो की हे ब्लँकेट आहे का रजई, मग फोनाफोनी सुरू.

खरं म्हणजे कोड काढायला जे ज्ञान लागतं त्यातलं निम्मं सोलापूरकराच्या हातात आधीच असतं. फक्त कस्टमवाले प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारतात, आणि तो क्रम चुकला की सगळंच चुकतं. पाकिटावर काय नाव छापलंय हा त्यांचा पहिला प्रश्न नसतोच. पहिला प्रश्न असतो, आत काही भरलंय का?

पण आधी थोडं हे कुठून येतं ते बघू, नाहीतर आकडे नुसते पाठ करावे लागतील. हार्मोनाइज्ड सिस्टिम म्हणजे एचएस ही वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची यादी, १ जानेवारी १९८८ पासून लागू. तिच्यात २१ सेक्शन आहेत, चॅप्टर ९७ पर्यंत जातात, त्यातला ७७ रिकामाच ठेवलाय. कोडचे पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर, पहिले चार म्हणजे हेडिंग. पहिले सहा आकडे जगभर सारखे, त्यापुढचे ज्याचे त्याचे. आपल्याकडे आठ आकडी कोड, कस्टम्स टॅरिफ ॲक्ट १९७५ च्या पहिल्या शेड्युलमध्ये. म्हणून सप्लायरच्या कोडमधले पहिले सहा आकडे फारतर तपासायला घ्यायचे, पुढच्या आकड्यांचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. आणि पहिले सहा पण डोळे झाकून घ्यायचे नाहीत, कारण तिकडचा माणूस त्याच्या देशाच्या एक्स्पोर्टच्या हिशोबाने कोड निवडतो, तुमची ड्युटी किती बसेल याची त्याला कशाला पडलीय. आपल्याकडे कस्टम्स ॲक्ट १९६२ च्या कलम १७ प्रमाणे सेल्फ असेसमेंट आहे, कोड आणि ड्युटी इंपोर्टरनेच ठरवून भरायची, म्हणजे कोड चुकला तर जबाबदारी इंपोर्टरची, सप्लायरची नाही आणि एजंटचीही आधी नाही.

वर्गीकरणाचे नियम एकूण सहा. रोजच्या कामात पहिला नियमच शंभरात नव्वद वेळा लागतो: हेडिंगचे शब्द बघा आणि सेक्शन, चॅप्टरच्या नोट्स बघा. चॅप्टरचं शीर्षक नुसतं शोधायला सोपं जावं म्हणून असतं, त्यावरून निर्णय करायचा नाही. लोक नेमक्या नोट्स वाचत नाहीत. टॅरिफची पीडीएफ उघडतात, कंट्रोल एफ दाबतात, "ब्लँकेट" टाइप करतात, जे पहिलं दिसेल ते उचलतात आणि झालं.

बरं, आता माल हातात घ्या. सॅम्पल नसेल तर मागवा, फोटोवर हे काम होत नाही.

आत भरण असेल, मग ते कापूस असो, पॉलिस्टर फायबर असो, पिसं असोत की फोम, तर वस्तू साधारण ९४०४ मध्ये जाते. या हेडिंगमध्ये गाद्या, रजया, उशा, कुशन असं अंथरुणाचं सामान येतं जे स्प्रिंगवर बसवलेलं आहे, भरलेलं आहे किंवा सेल्युलर रबर-प्लास्टिकचं आहे. सेक्शन ११ म्हणजे सगळा कापडाचा सेक्शन, त्याच्या पहिल्याच नोटमध्ये लिहिलंय की चॅप्टर ९४ चा माल आमच्यात धरायचा नाही. म्हणजे वरचं कापड शंभर टक्के कॉटन का असेना, आत भरण आलं की ते चॅप्टर ६३ मधून, म्हणजे कापडाच्या तयार वस्तूंच्या चॅप्टरमधून बाहेर. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पटत नाही, तो म्हणतो कापडाचीच वस्तू आहे की. आहे, पण नोटने तिला बाहेर काढलंय.

९४०४ च्या आत स्लीपिंग बॅगला स्वतःचं घर आहे, ९४०४ ३०. रजई, दुलई, कम्फर्टर यांच्यासाठी ९४०४ ४०, हे घर एचएस २०२२ मध्ये नव्याने आलं, आपल्याकडे १ जानेवारी २०२२ पासून. त्याआधी रजया ९४०४ ९० मध्ये "इतर" म्हणून पडून असायच्या, त्यामुळे जुन्या फायली बघून कोड टाकणाऱ्यांनी जरा जपून. नेक पिलो, मग आत मेमरी फोम असो का ते बारीक थर्माकोलचे मणी, ९४०४ ९०. भरलेल्या रजईत विजेची तार घालून गरम करायची सोय केली तरी ती ९४०४ मध्येच राहते, पण न भरलेलं इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तर ते ६३०१ १०. लेह-लडाखवाल्या गिऱ्हाइकांसाठी हा माल मागवणारे आहेत म्हणून सांगितलं.

हवा भरायचं काय? फुगवायची उशी, फुगवायची गादी. चॅप्टर ९४ ची पहिलीच नोट म्हणते की हवेच्या आणि पाण्याच्या गाद्या-उशा इथे नाहीत, त्या ३९, ४० किंवा ६३ मध्ये. मग वस्तू कशाची आहे ते बघायचं. नुसत्या पीव्हीसीची फुगवायची उशी असेल तर प्लास्टिकचा चॅप्टर, ३९२६. कापडाची कॅम्पिंगची हवेची गादी असेल तर ६३०६ ४०, तंबू आणि ताडपत्रीच्या शेजारी. वरून मखमली कापड चिकटवलेली प्लास्टिकची उशी आली की वाद होतो, तिथे कापडाचा थर कामाचा आहे का नुसता मऊ लागावं म्हणून आहे हे बघावं लागतं, आणि असल्या मालाचा कॅटलॉग, लेयरचा तपशील आधीच मागून ठेवलेला बरा.

आता गोधडी. कुणीतरी विचारतंच म्हणून लिहितो. आत जुन्या लुगड्यांचे थर घालून टाके मारलेली गोधडी माझ्या मते भरलेली वस्तू आहे, रजईच्या बाजूला जाते. नुसते दोन कापडाचे पदर एकत्र शिवलेले असतील आणि मध्ये काहीच नसेल तर ते भरलेलं म्हणता येणार नाही. परदेशातून गोधडी कोण मागवतंय हा प्रश्न वेगळा, पण "क्विल्टेड थ्रो" नावाने असला माल येतो आणि त्याचं पोट फाडून बघितल्याशिवाय कळत नाही. खरंच एक पीस फाडा. कात्री लावायला जीव होत नाही हे मान्य, पण ऑफिसरने फाडण्यापेक्षा बरं.

भरण नाही असं ठरलं, म्हणजे आपण चॅप्टर ६३ च्या दारात आलो. पण दारातच दुसरा प्रश्न: ही वस्तू "मेड अप", म्हणजे वापरायला तयार केलेली, आहे का? सेक्शन ११ ची नोट ७ वाचा, सोलापूरकराला ती वाचताना मजा येईल. चौकोनी कापून तसंच सोडलेलं कापड मेड अप नाही, ते कापडच. कडा दुमडून शिवल्या, किंवा झालरीला गाठी मारल्या, किंवा जोडून शिवलं, की मेड अप. आणि एक खास कलम असं, की मागावरूनच वापरायला तयार होऊन आलेली वस्तू, जिचे नुसते मधले धागे कापून पीस वेगळे करायचे, ती शिलाई न करताही मेड अप धरतात. टॉवेल, टेबलक्लॉथ, ब्लँकेट अशी उदाहरणं तिथेच दिलीत. आपल्याकडे मागावर एकामागून एक चादरी उतरतात आणि मधल्या मोकळ्या ताण्यावर कात्री लागते, तोच हा प्रकार. उलट चीनहून फ्लीसचा रोल मागवून इथे कापून, कडेला ओव्हरलॉक मारून ब्लँकेट करायचं असेल तर येणारा माल ब्लँकेट नाही, निटेड, म्हणजे होजियरीसारखं विणलेलं, कापड आहे, चॅप्टर ६० बघायचा. इथे बरेच जण "फ्लीस ब्लँकेट मटेरियल" लिहून ६३०१ टाकतात. इनव्हॉइसवर ब्लँकेट शब्द आला म्हणून रोलचं ब्लँकेट होत नाही.

मेड अप ठरलं की तिसरा प्रश्न, ते कशासाठी आहे. इथे चार-पाच हेडिंगं एकमेकांच्या अंगावर बसलेली आहेत आणि खरं काम इथेच आहे.

६३०१ म्हणजे ब्लँकेट आणि ट्रॅव्हलिंग रग. प्रवाशाच्या पांघरुणाचं नाव टॅरिफमध्ये थेट घेतलेलं आहे ते इथेच. अंगावर ऊब घ्यायला घ्यायचं, जाडसर, भरण नसलेलं. विमानात देतात ते पातळ फ्लीस ब्लँकेट, गाडीत मागच्या सीटवर टाकतात तो रग, रेल्वेच्या एसी डब्यातल्या बेडरोलमधलं कांबळं, सगळं ६३०१. पुढे फायबरवरून फाटे: लोकर किंवा बारीक प्राणिज केस असतील तर ६३०१ २०, कॉटन ६३०१ ३०, सिंथेटिक ६३०१ ४०, बाकी सगळं ६३०१ ९०.

६३०२ म्हणजे बेड लिनन, टेबल लिनन, टॉयलेट लिनन, किचन लिनन. धुऊन पुन्हा पुन्हा वापरायचं, अंगाशी लागणारं. बेडशीट, उशीचा अभ्रा, रजईची खोळ, गादीची खोळ. त्याच बेडरोलमधल्या दोन पांढऱ्या चादरी आणि अभ्रा इथे येतात. फाटे जरा जास्त: निटेड असेल तर सगळ्यात आधी ६३०२ १०, मग फायबर कुठलंही असो. निटेड नसेल तर छापील आहे का बघायचं: छापील कॉटन ६३०२ २१, छापील मॅनमेड ६३०२ २२, छापील इतर ६३०२ २९. छापील नसेल तर त्याच क्रमाने ६३०२ ३१, ३२, ३९. रंगीत सुतातून विणलेलं डिझाइन म्हणजे छापील नव्हे, हे सोलापुरात सांगायची गरज नाही पण मुंबईत बसलेल्या डॉक्युमेंटवाल्या पोराला सांगावं लागतं. जॅकार्डची नक्षी बघून तो "प्रिंटेड" टाकून मोकळा होतो.

६३०४ म्हणजे इतर फर्निशिंग, त्यात बेडस्प्रेड ६३०४ ११ आणि ६३०४ १९. बेडस्प्रेड म्हणजे पलंग आवरून झाल्यावर वरून शोभेला टाकायचं. आता इथे एक खड्डा आहे. आपल्या भारतीय टॅरिफमध्ये ६३०४ १९ च्या खाली आठ आकडी ओळीत "कॉटनच्या बेडशीट आणि बेडकव्हर" असे शब्द येतात, आणि ते वाचून लोक साधी बेडशीट तिथे नेऊन ठेवतात. क्रम लक्षात ठेवा. आधी चार आकडी हेडिंगांची आपसात तुलना करायची, हेडिंग ठरलं की मगच त्याच्या पोटातल्या ओळी बघायच्या, सहावा नियम तेच सांगतो. झोपायची बेडशीट बेड लिनन आहे म्हणून ती ६३०२ मध्ये गेली, आता ६३०४ च्या आतली ओळ कितीही जवळची वाटली तरी तिथे जायला रस्ता नाही. मच्छरदाणी मात्र ६३०४ मध्येच, आणि औषध मारलेल्या, वार्प निट जाळीच्या ठरावीक मच्छरदाण्यांना २०१७ पासून ६३०४ २० वेगळं दिलंय.

सोलापुरी चादर यात कुठे? हा इंपोर्टचा विषय नाही, चादर आपण बाहेर पाठवतो, पण तिच्यावर हात बसवला तर बाकीचं सोपं जातं. कॉटनची जाड जॅकार्ड चादर, गारठ्यात पांघरायची, ती ६३०१ ३० च्या बाजूला. तीच नक्षी पातळ, पलंगावर शोभेला म्हणून विकली तर ६३०४. कोण कशी वापरतो यापेक्षा माल मुळात कशासाठी बनवलाय, वजन, माप, पोत, पॅकिंगवर काय लिहिलंय यावरून ठरतं. पंढरीच्या वाटेवर वारकरी तीच चादर अंथरतो, पांघरतो, घडी करून उशाला घेतो आणि पाऊस आला की डोक्यावर पण धरतो, त्याने कोड बदलत नाही.

सतरंजी विसरू नका. जमिनीवर अंथरायला बनवलेली वस्तू चॅप्टर ५७ मध्ये जाते, तिथे कार्पेट आणि जमिनीवरची कापडी अंथरणं आहेत. पिकनिक मॅट म्हणून येणारा माल, खाली वॉटरप्रूफ थर आणि वर कापड, त्याला पण आधी ५७ लावून बघायचं आणि नंतर बाकीचं.

६३०७ हे शेवटचं गोदाम, जे कुठेच बसत नाही ते. डोळ्यांवरची झोपेची पट्टी तिथे जाते. नवशिके गोंधळले की सगळंच ६३०७ ९० मध्ये टाकतात. पण वरच्या हेडिंगांपैकी एखादं लागत असेल तर गोदामात जायची परवानगीच नाही.

फायबर कसं ठरवायचं. सेक्शन ११ ची नोट २: मिश्र असेल तर वजनाने ज्याचा वाटा सगळ्यात जास्त ते धरायचं. धाग्यांच्या संख्येने नाही, किमतीनेही नाही. ताणा कॉटन, बाणा पॉलिस्टर, आणि लॅबने सांगितलं ४२ टक्के कॉटन ५८ टक्के पॉलिस्टर, तर माल पॉलिस्टरचा. लेबलवर कॉटन रिच लिहिलंय याला अर्थ नाही. आणि एक बारीक गोष्ट जी माहीत नसल्यामुळे बरेच जण फसतात: ६३०१ मध्ये शब्द आहे "सिंथेटिक फायबर" आणि ६३०२ मध्ये शब्द आहे "मॅनमेड फायबर". मॅनमेडमध्ये सिंथेटिक पण येतं आणि व्हिस्कोससारखं आर्टिफिशियल पण येतं. हल्ली "बांबू" म्हणून जी मऊ ब्लँकेटं येतात ती बहुतेक बांबूच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस असतं. त्याचं ब्लँकेट असेल तर ते सिंथेटिक नाही, म्हणून ६३०१ ९०. त्याचीच साधी, वोव्हन बेडशीट असेल तर मॅनमेड, म्हणून ६३०२ ३२. एकच सूत, दोन वेगळी घरं. टेस्ट रिपोर्टमध्ये नुसतं "बांबू" लिहून आलं तर परत पाठवा, व्हिस्कोस का काय ते स्पष्ट लिहायला सांगा.

टॉवेलच्या गावात आहोत म्हणून टॉवेलचं एका वाक्यात: कॉटन टेरी टॉवेल ६३०२ ६०, पण ट्रेकिंगवाले वापरतात तो मायक्रोफायबरचा पटकन वाळणारा टॉवेल कॉटन नाही म्हणून तो ६३०२ ९३.

आता सेट. ट्रॅव्हल किट नावाने एका पाऊचमध्ये नेक पिलो, डोळ्यांची पट्टी, कानात घालायचे बोळे असं येतं. तिसऱ्या नियमाचा ब भाग लागतो, पण त्याला तीन अटी: निदान दोन वस्तू वेगवेगळ्या हेडिंगच्या हव्यात, एकाच गरजेसाठी एकत्र केलेल्या हव्यात, आणि पुन्हा पॅक न करता थेट गिऱ्हाइकाला विकता येतील अशा हव्यात. तिन्ही जमल्या तर ज्या वस्तूमुळे त्या सेटला अर्थ आहे तिचा कोड सगळ्याला. या किटमध्ये ती उशी, म्हणून ९४०४ ९०. अट एकही मोडली, समजा उशा एका कार्टनमध्ये आणि पट्ट्या दुसऱ्या कार्टनमध्ये आल्या आणि इथे पाऊच भरायचेत, तर सेट नाही, दोन ओळी वेगळ्या करा. स्लीपिंग बॅगसोबत येणारी तिची मापाची कोंबून भरायची पिशवी बॅगेसोबतच धरली जाते, पाचवा नियम. पण त्याच पिशव्या सुट्ट्या शंभर जास्तीच्या मागवल्या तर त्यांचा कोड वेगळा काढावा लागतो.

बाह्या असलेलं ब्लँकेट हा एक गमतीचा विषय. अंगात घालायचं, पुढून झाकलं जातं, हात बाहेर येतात, सोफ्यावर टीव्ही बघत बसायला. हे कपडे का पांघरूण? अमेरिकेत "स्नगी" नावाच्या अशा मालावर खटला झाला आणि २०१७ मध्ये तिथल्या कोर्ट ऑफ इंटरनॅशनल ट्रेडने ते ब्लँकेटच ठरवलं. तिथे ब्लँकेटवर ८.५ टक्के आणि कपड्याच्या कोडवर १४.९ टक्के ड्युटी होती, म्हणजे भांडण का झालं ते कळलंच. तो निकाल आपल्या कस्टमला बांधील नाही, पण कोर्टाने काय काय बघितलं, मागची बाजू उघडी आहे का, चालता-फिरता येतं का, विक्री काय म्हणून होते, हे वाचण्यासारखं आहे आणि असा माल मागवणाऱ्याने उत्तर तयार ठेवावं.

आता सगळ्यात वादाचा माल, ज्यावर मला सगळ्यात जास्त विचारणा होते: स्लीपिंग बॅग लायनर, ज्याला ट्रॅव्हल शीट किंवा स्लीप सॅक पण म्हणतात. कॉटन, सिल्क किंवा पॉलिस्टरची पातळ पिशवी, आत शिरून झोपायचं, वर उशी घालायला खिसा. लॉजवरची चादर मळकी असेल तर लोक हे वापरतात, तुळजापूर-अक्कलकोटच्या भक्तनिवासात पण आता दिसायला लागलंय. नावात स्लीपिंग बॅग आहे म्हणून सप्लायर ९४०४ ३० लावतो. ते नाही, कारण आत भरण नाही, ९४०४ चा उंबरठाच ओलांडला जात नाही. ऊब द्यायला बनवलेलं नाही म्हणून ६३०१ पण नाही. उरलं ६३०२ का ६३०७. माझं मत ६३०२ चं आहे, कारण ही वस्तू चादर आणि अभ्रा यांचंच काम करते, धुऊन वापरतात, अंगाशी लागते, आणि ती पलंगावर पसरली का पिशवीसारखी शिवली याने तिचं काम बदलत नाही. समोरचा म्हणेल की ती पलंगासाठी नाहीच, बॅगेच्या आत घालायची कॅम्पिंगची वस्तू आहे, म्हणून ६३०७. त्याचा मुद्दा अगदीच फालतू नाही. म्हणून असा माल सारखा मागवायचा असेल तर वाद गोदीवर घालण्यापेक्षा आधीच ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे माल यायच्या आधी कोडचा अधिकृत निकाल, घेणं शहाणपणाचं. कस्टम्स अथॉरिटी फॉर ॲडव्हान्स रूलिंग्सची ऑफिसं मुंबई आणि दिल्लीत आहेत, २०२१ पासून. अर्जाची फी १०,००० रुपये, निकाल तीन महिन्यांत द्यायचा असा कायदा, आणि निकाल तुम्हाला आणि कस्टमला दोघांना बांधील, तीन वर्षं किंवा कायदा बदलेपर्यंत. एका कार्टनसाठी हे परवडत नाही, कंटेनरसाठी नक्की परवडतं. माल आधीच निघालाय आणि कोड नक्की नाही अशी वेळ आली तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल असेसमेंट मागता येतं, बाँड आणि लागली तर सिक्युरिटी देऊन माल सोडवायचा आणि निर्णय नंतर.

कोडने पैशात काय फरक पडतो ते बघा. दर मी इथे पाठ देत नाही, ते बजेटमध्ये आणि मधे नोटिफिकेशनने बदलतात, बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या अर्जाच्या, दिवशीचा दर आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर बघून घ्यायचा. हिशोबाची पद्धत मात्र तीच. समजा मालाची असेसेबल किंमत, ज्यावर ड्युटी बसते ती, १,००० रुपये, म्हणजे मालाची किंमत अधिक भाडं अधिक इन्शुरन्स, कस्टमच्या एक्स्चेंज रेटने. बेसिक ड्युटी गृहीत धरू १० टक्के, १०० रुपये. त्यावर सोशल वेल्फेअर सरचार्ज, बेसिकच्या १० टक्के, १० रुपये. झाले १,११०. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, या १,११० वर बसतो, हजारावर नाही. ५ टक्के असेल तर ५५.५०, एकूण भरणा १६५.५०. १८ टक्के असेल तर १९९.८०, एकूण ३०९.८०. आणि हा ५ का १८ कोडवरच ठरतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून चॅप्टर ६३ च्या मेड अप मालाला एका पीसची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८, पण ९४०४ चा बराचसा माल स्वस्त असला तरी १८ मध्ये. काही हेडिंगांवर वेगळा सेस असतो, काहींवर सरचार्ज माफ असतो, ते त्या त्या वेळी बघायचं. हा फरक बघून भरलेला माल मुद्दाम ६३०१ मध्ये दाखवायचा मोह होतो. साध्या चुकीसाठी दोन वर्षं मागे जाऊन वसुली होते, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पाच वर्षं, वर दंड आणि व्याज.

कागदांचं. इनव्हॉइसवर "ट्रॅव्हल बेडिंग" एवढंच लिहून आणू नका, सगळ्यात जास्त क्वेरी त्यावरच निघतात. असं लिहून घ्या: ब्लँकेट, १०० टक्के पॉलिस्टर, निटेड फ्लीस, चारही कडा शिवलेल्या, आत भरण नाही, १३० बाय १७० सेमी, २२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम वजन), प्रिंट नाही. या एका ओळीत वरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आली. रंगात घातक अझो डाय नाहीत असं मान्यताप्राप्त लॅबचं सर्टिफिकेट सप्लायरकडून मागवा, नाहीतर सॅम्पल इथल्या लॅबला जातं आणि माल तोवर डेमरेज, म्हणजे गोदीत पडून राहिल्याचं भाडं, खात बसतो. धंद्याच्या मालाला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नोंदणी नंबर, लागतोच.

हे सगळं धंद्याच्या मालाचं झालं. तुम्ही दुबईहून येताना स्वतःसाठी दोन मऊ ब्लँकेटं आणलीत तर इतकं काही करायचं नाही, प्रवाशाचं सामान ९८०३ या एकाच हेडिंगखाली जातं, ब्लँकेट का रजई कुणी विचारत नाही, फ्री अलाउन्सच्या वर गेलात तर वरच्या किमतीवर एकच दर. सोलापुरात विमान उतरायला लागलं असलं तरी परदेशातून येणाऱ्याला कस्टम मुंबई, पुणे, हैदराबाद अशा आंतरराष्ट्रीय विमानतळावरच पार करावं लागतं, तिथे अलाउन्सची त्या दिवशीची रक्कम सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्राच्या कस्टम बोर्डाच्या, साइटवर बघून निघा. पार्सलने स्वतःच्या वापरासाठी मागवलं तर ९८०४. पण एकसारखी वीस ब्लँकेटं बॅगेत निघाली आणि तुम्ही म्हणालात घरच्यांसाठी आणलीत, तर ऑफिसर ते वैयक्तिक सामान मानेलच असं नाही, आणि ते धंद्याचं ठरलं की मग वरची सगळी चौकशी लागू.

शेवटी एक कामाची सवय. प्रत्येक नव्या आर्टिकलचा एक पीस, फाडलेला पीस असेल तर तोच, टेस्ट रिपोर्ट, कॅटलॉगचं पान आणि कोड का लावला याच्या चार ओळी मराठीत का होईना, एका पाकिटात घालून ठेवा आणि पाकिटावर बिल ऑफ एंट्रीचा नंबर टाका. एचएसची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होतेय, तेव्हा प्रत्येक पाकीट काढून कोड पुन्हा ताडून बघावा लागेल.